क्रोकॉस्मिया आणि माझा कंदमुळांचा त्याग

यंदाचा उन्हाळा आणि पावसाळा मी लेकीकडे लेस्टरला काढला. सहा महिन्यांत देवळं पाहिली, थंडी खाल्ली, नातीला णमोकार मंत्र शिकवला. ते सगळं पुढे कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते एका झाडाबद्दल, कारण त्या झाडाने माझी चांगलीच परीक्षा घेतली.

लेकीने घेतलेल्या घराच्या मागे दक्षिणेकडे तोंड करून छोटी बाग आहे. दिवसभर ऊन. कुंपणाजवळ तलवारीसारख्या पानांचं दाट बेट माजलं होतं. आपल्याकडच्या ग्लॅडिओलसची धाकटी बहीण म्हणा. घराणं तेच, केशराचंही तेच. नाव क्रोकॉस्मिया, जुने लोक माँटब्रेशिया म्हणतात. मूळचं आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं. १८८० च्या सुमारास फ्रान्समधल्या नान्सी गावी लमॉइन नावाच्या रोपवाटिकावाल्याने दोन जातींचा संकर केला आणि तो संकर इंग्लंडभर पसरला. ऑगस्टमध्ये वाकडी काडी येते आणि तिच्यावर नारिंगी फुलांची रांग लागते. पण लेकीच्या बागेत गेली दोन वर्षं नुसती पानंच. गर्दी झाली की हे झाड फुलणं सोडतं. उपाय एकच : वसंतात बेट खणून काढायचं, कंद सुटे करायचे आणि अंतर ठेवून परत लावायचे.

लेक म्हणाली, "आई, तुझा हात बागेला चांगला आहे. करूया का?"

मी नाही म्हटलं.

लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली कंदमुळं सोडली, त्याला चाळीस वर्षं झाली. एका कंदाच्या शरीरात अनंत जीव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी काही ते खाणार नव्हते, हे खरं. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे अनर्थदंडात घातलंय. फुलं छान दिसावीत म्हणून खणणं हे कारण म्हणायचं का? मला नाही वाटलं. लेक काही बोलली नाही, फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवला.

आता खरं सांगते. तिच्या स्वयंपाकघरात एका ड्रॉवरमध्ये बटाटे असतात. मुलांना लागतात. आल्या दिवशीच मला दिसले. मी एक शब्द काढला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझी कढई वेगळी धुवायला लागले. न बोलता किती बोलता येतं ते आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

आठवड्याने जावई म्हणाले, माळी बोलावतो, तो सगळं उपटून हिरव्या कचऱ्यात टाकेल. कुंपणापलीकडे पायवाट आणि ओढा आहे. एक-दोन कोंब पलीकडे निघालेलेही होते. हे झाड रानात शिरलं की तिथल्या गवताफुलांना जगू देत नाही. त्या देशात १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे, मोकळ्या जागी लावणं गुन्हा. म्हणजे हात न लावणं हेही अहिंसक नव्हतं. माळ्याने काढलं तर सगळंच जाणार. मी रात्रभर हिशेब मांडला आणि सकाळी लेकीला म्हटलं, फोर्क आण, पण मी सांगेन तसं.

एप्रिलची सुरुवात, माती ओलसर. बेटापासून वीतभर लांबून खणायचं, म्हणजे दात कंदात घुसत नाहीत. गठ्ठा वर आला आणि मी बघतच राहिले. कंद एकाखाली एक, मण्यांसारखे. दरवर्षी नवा कंद जुन्याच्या डोक्यावर तयार होतो, जुना खाली तसाच राहतो. मी बी.कॉम. झालेली बाई; मला तर खतावणीच दिसली, मागील शिल्लक पुढे आणलेली! खालचे सुकल्यासारखे दिसतात, पण सुटे केले तर तेही कोंब धरतात. म्हणून साखळ्या तोडल्या नाहीत, बोटांनी फक्त एकमेकींतून सोडवल्या. गांडुळं बाजूच्या वाफ्यात.

बोटं मातीत असतानाच लेक खाली मान घालून म्हणाली, "तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. कढई वेगळी धुतेस ते जास्त लागतं."

मी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. साखळी सोडवत राहिले.

एकूण साखळ्या ४३. परत लावल्या १८ : चार इंच खोल, सहा इंचांवर एक. कुंड्यांत घालून ओळखीच्या बायकांना दिल्या २४, ओढ्याकाठी लावायच्या नाहीत हे बजावून. फोर्कचा दात घुसून फुटली १. ती माझ्या हातून. दुसऱ्या दिवशी मी दूध-तूप सोडलं, कोणाला सांगितलं नाही. फुटलेली साखळी मागच्या दाराशी कुंडीत लावली.

ऊन हवं म्हणून कोरडं चालतं असं नाही. जून-जुलैत पाणी तोडलं की कळ्या धरत नाहीत आणि पानांवर लाल कोळी येतो. मग औषध मारण्याची वेळ येते. ती येऊच द्यायची नाही. खत मात्र जास्त नको, नाहीतर पुन्हा नुसती पानं. पावसाच्या पिंपातलं पाणी मी नळाला फडकं बांधून गाळून घालायची आणि फडक्यावरचं परत पिंपातच सोडायची. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघत. मग एक दिवस त्यांनीच जुनं मलमलचं कापड आणून दिलं.

पहिल्या वर्षी फुलं कमी येतात. पाचच काड्या आल्या, ऐन दशलक्षणात. मी तोडल्या नाहीत. गळलेली फुलं वाळवून कोमट पाण्यात टाकली. या झाडाच्या ग्रीक नावाचा अर्थच केशराचा वास. वास आला, अगदी मंद. नात म्हणाली, "आजी, हा तर टेंपलचा वास!"

त्या दहा दिवसांत ड्रॉवर रिकामा होता. अकराव्या दिवशी परत भरला. मी काही म्हटलं नाही, आणि कढई एकच घासली.

काल लेकीचा फोन आला. पानं पिवळी पडलीत, कापू का? म्हटलं, राहू दे. थंडीत कंदांवर तेच पांघरूण. मार्चमध्ये काढ. फुटलेल्या साखळीला दोन पानं होती, ती कुंडी तेवढी भिंतीच्या आडोशाला ठेव.