अंदमानला जायचं कसं, फिरायचं कसं, आणि तिथलं रान

आठ दिवस पेजवर काही टाकलं नाही म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. सगळं ठीक आहे. आम्ही नवरा-बायको अंदमानला जाऊन आलो. फोटो बघून निम्म्या लोकांनी विचारलं, खर्च किती आला? आणि निम्म्यांनी विचारलं, गुरं कुणाकडं ठेवली? दुसरा प्रश्न खऱ्या शेतकऱ्याचा, म्हणून आधी तोच घेतो.

कांद्याची लागण डिसेंबरात उरकली होती. खुरपणी झाली, वरखताचा दुसरा हप्ता टाकला आणि पाणी दिलं की थंडीत आमच्या रानात आठ-नऊ दिवस पाळी लांबते. तेवढीच आपली सुट्टी. दोन गाया भावकीतल्या धाकट्या भावानं सांभाळल्या. तो आषाढीला माउलींबरोबर पंढरपूरला चालत जातो तेव्हा त्याची जनावरं आमच्या गोठ्यात असतात, त्यामुळं मागं-पुढं बघावं लागलं नाही. ज्याच्या घरी अशी सावड राहिली नाही त्यानं आधी ती जमवावी, तिकीट नंतर काढावं.

आता प्रवास. चाकणहून विमानतळाला जाताना तळेगाव चौक आणि नाशिक रोडच्या भरवशावर राहू नका. शिफ्टच्या बसा आणि कंटेनर सुरू झाले की तासाचे दोन तास होतात. आम्ही पहाटे आळंदी, चऱ्होलीवरून लोहगाव गाठलं. पुढं पुणे ते चेन्नई आणि चेन्नईहून समुद्रावरून दोन तासांच्या थोडं वर. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण तीन दिवस पाण्यावर काढावे लागतात. कांदेवाल्याला ते परवडत नाही.

नावांचा घोळ होतो, तोही सांगून ठेवतो. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप, हे 2018 च्या डिसेंबरात. रिक्षावाले आणि बोटवाले मात्र जुनीच नावं घेतात. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे. आपल्याकडचा माणूस उतरला की पहिल्यांदा सेल्युलर जेलला जातो, आम्हीही गेलो. सात पाख्यांतले तीनच उरलेत. तिथं कैद्याला कोलूला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावायचे, म्हणजे साडेतेरा किलो. आमच्या आजोबांच्या वेळी गावात तेलाचा घाणा होता, त्याला बैल असायचा. तो आठवला आणि पुढं फार बोलणं झालं नाही.

बेटावरून बेटावर जायला बोटच. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते, हॅवलॉकला दोन-अडीच तास घेते आणि बरीच स्वस्त पडते, पण तिकीट मिळणं अवघड. खासगी बोट दीड तासात पोचवते. ओळखपत्र लागतं आणि तासभर आधी जेटीवर हजर राहावं लागतं. समुद्र खवळला तर बोट रद्द, तिथं कुणाचंच काही चालत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरातच ठेवा. दुसरी गोष्ट घड्याळाची. वेळ आपलीच, पण बेटं आपल्यापासून पार पूर्वेला. जानेवारीत साडेपाचच्या आत दिवस बुडतो. आपण चहा पिऊन निघायच्या वेळेला तिथं अंधार पडलेला असतो. जे बघायचं ते सकाळी सहाला सुरू करा. शेतकऱ्याला अवघड नाही.

हॅवलॉकचा राधानगर किनारा सगळे बघतात, आम्ही पण बघितला, चांगला आहे. माझा जीव रमला तो नीलवर. बेट एवढंसं, की भाड्याची स्कूटर घेतली तर सकाळच्या पारी या टोकाहून त्या टोकाला जाऊन येता. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी गावांची नावं. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यायची. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना सरकारनं या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की भाजीपाला, अशी तिथली रीत. रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोडकी, भेंडी, वांगी, कारली. मंडळीनं स्कूटर थांबवायला लावली. म्हणाली, "अहो, मांडव बघा की, आपल्यासारखाच बांधलाय."

मांडवाखाली एक वयस्कर शेतकरी तोडा करत होता. त्याला दादा म्हणून हाक मारली. बंगालीतही थोरल्या भावाला दादाच म्हणतात, त्यामुळं निम्मं काम तिथंच झालं. बाकीचं मोडक्या हिंदीत. त्याचा माल बोटीनं पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. हवा बिघडून बोट दोन दिवस लागली नाही तर तोडलेला माल जेटीवर सडतो. मी त्याला सांगितलं, आमच्या चाकण मार्केटला बोट लागत नाही, पण कांद्याच्या गाड्या चौकात अडकतात. तो हसला. मग त्यानं विचारलं, अडकतात म्हणजे किती दिवस? मी म्हणलं, दोन तास. त्यावर तो पुन्हा हसला, यावेळी मला.

पाऊस तिथं वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास, मे ते डिसेंबर. तरी फेब्रुवारीनंतर पाण्याची ओढ असते, कारण लहान बेटावर पाणी साठायला जागाच नाही, सगळं समुद्रात जातं. म्हणून जागोजागी शेततळी. पोर्ट ब्लेअरजवळ 1978 पासून केंद्राची कृषी संशोधन संस्था आहे. खोलगट, खारं पाणी शिरणाऱ्या रानासाठी तिथं बीबीएफवर काम झालंय. आपण सोयाबीनला करतो तेच नाव, पण आकार बघून थक्क व्हाल. चार-पाच मीटर रुंद वरंबा आणि सरी एवढी खोल की तिच्यात भात नाहीतर मासे. वरंब्यावर भाजी. मोठ्या पावसात वरंब्यातला खार धुऊन खाली उतरतो. आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं क्षारपड रानात हे असंच्या असं चालणार नाही. पण पाण्याचा निचरा झाल्याशिवाय खार हलत नाही हे तत्त्व तेच.

अजून एक ओळखीची वस्तू भेटली, शंखी गोगलगाय. 1942 ते 45 अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, त्यांनी ही आफ्रिकी जात तिथं आणली असं सांगतात. आता सगळ्या भाजीपाल्यात आहे. 2022 ला लातूर-बीडकडं सोयाबीन कोवळं असताना हिनंच खाल्लं. रोपवाटिकेतून रोपं आणणाऱ्यांनी कुंड्यांची, पिशव्यांची बुडं तपासून घ्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाका, सकाळी गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवा. पावसाच्या सुरुवातीला हे केलं तर पुढं औषधाच्या गोळ्यांवर पैसा कमी जातो.

शेवटच्या दिवशी गाडीवाला आम्हाला वंडूरच्या रस्त्याला घेऊन गेला. वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या कडेला लांबवर पाणी, मध्ये वाळलेल्या झाडांची खोडं, वर बगळे. पर्यटक फोटो काढतात. गाडीवाला म्हणाला, हे भाताचं रान होतं. 2004 च्या 26 डिसेंबरला भूकंप झाला तेव्हा इथली जमीनच जवळपास मीटरभर खचली. त्सुनामीची लाट आली आणि गेली, पण खाली बसलेली जमीन वर आली नाही. तेव्हापासून भरतीचं पाणी रोज आत येतं. त्याच्या मामाचं रान त्याच पाण्यात. मी विचारलं, कागद कुणाच्या नावावर? म्हणाला, कागद मामाच्याच नावावर आहे.

मी गाडीतून उतरून थोडा वेळ उभा राहिलो. आमची साडेसात एकर संपादनात गेली, तिथं आता पत्र्याचं शेड आहे आणि कागद दुसऱ्याचा आहे. पैसे मिळाले, घर झालं, पोरांची शिक्षणं झाली, ते नाकारत नाही. पण बांध कुठून कुठं होता ते मला अजून दाखवता येतं. गाडीवाल्यानंही हात करून दाखवला, इथून त्या खोडापर्यंत.

घरी आल्यावर पोराला फोटो दाखवले. तो कंपनीत आहे, हिशोबी आहे. म्हणाला, तिथं गुंठ्याला काय भाव चाललाय? आमच्याकडं राहिलेल्या पावणेदोन एकरासाठी दर पंधरा दिवसांनी कुणीतरी गाडी घेऊन येतं, त्यामुळं त्याचाही दोष नाही. मी म्हणलं, भाव विचारला नाही, वांग्याचा विचारला.

खर्चाचं ज्याला पाहिजे त्यानं मेसेज करावा, पै-पैचा लिहून ठेवलाय. किनाऱ्यावरचं प्रवाळ, शंख पिशवीत घालू नका, विमानतळावर पकडतात. आणि कांद्यावर आल्या आल्या फुलकिडे दिसले, पात वाकडी व्हायला लागलीय. या पट्ट्यात डिसेंबरची लागण ज्यांची आहे त्यांनी उद्याच पोग्यात बघून घ्या.