घाण्याचा बैल आणि जमाखर्चाची वही

(बी. कॉम., भाग २)

गेल्या सुट्टीत एका मित्राच्या घरी ‘द मॅट्रिक्स’ हा १९९९ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. चित्रपट आमच्या जन्माआधीचा, पण मित्राच्या थोरल्या भावाला तो तोंडपाठ. त्यात यंत्रांनी माणसांना जिंकले आहे आणि द्रवाने भरलेल्या कोशांत निजवून ठेवले आहे. माणसांच्या अंगातली ऊब आणि वीज काढून यंत्रे चालतात. त्यांनी कुरकुर करू नये म्हणून त्यांच्या डोक्यात एक खोटे जग चालू ठेवलेले असते. हे सारे नायकाला समजावून सांगताना त्याचा गुरू हातात एक साधा बॅटरीचा सेल धरतो. माणसाची किंमत एवढीच!

मी पडलो कॉमर्सचा विद्यार्थी. अंगावर काटा यायच्या आधी मी हिशेब मांडला. माणूस दिवसाला साधारण २,००० कॅलरी अन्न खातो. म्हणजे सुमारे १०० वॅटचा दिवा दिवसरात्र जळावा इतकी ऊर्जा. जेवढे आत घालाल त्याहून जास्त बाहेर मिळणार नाही, आणि त्या उष्णतेची वीज करताना बराच भाग वायाच जाणार. पायडल मारायला बसवले तर धडधाकट माणूस दिवसभर ७५ वॅटच्या आसपास टिकेल. आठ तासांत ०.६ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तरी दिवसाचे सहा रुपये! त्यात एक वेळचे जेवणही निघणार नाही. असा धंदा कोणतेही शहाणे यंत्र करणार नाही.

मग कथाकार पुन्हा पुन्हा जिवंत जीवालाच यंत्राला का जुंपतात? ‘मॉन्स्टर्स, इंक.’ या २००१ सालच्या चित्रपटात राक्षसांचे सारे शहर लहान मुलांच्या किंकाळ्यांवर चालते. किंकाळ्या नळकांड्यांत भरल्या जातात, जसा आपण गॅस भरतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) या कादंबरीत बॉक्सर नावाचा घोडा पवनचक्कीसाठी दगड ओढतो. चक्की झाली की वीज येईल, सर्वांना विश्रांती मिळेल, हे आश्वासन. ओढता ओढता तो कोसळतो, तेव्हा डुकरे त्याला खाटकाला विकतात आणि त्या पैशातून दारू आणतात. पुढे ती चक्की विजेसाठी नव्हे, नफ्यासाठी धान्य दळते.

मला वाटते, या कथा विजेच्या नाहीतच. त्या जमाखर्चाच्या आहेत. मिळकत एकाच्या खात्यावर आणि झीज दुसऱ्याच्या अंगावर, ही त्यांची खरी गोष्ट. ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. आपण ‘घाण्याचा बैल’ म्हणतो. आमच्या वर्गातले कन्नड मित्र ‘गाणद एत्तु’ म्हणतात. शब्दही तोच, बैलही तोच! त्याच्या डोळ्यांवर झापड बांधतात. आपण गोल गोल फिरतो आहोत हे त्याला कळू नये म्हणून. ‘मॅट्रिक्स’मधले खोटे जग म्हणजे दुसरे काय? झापडच ती, फक्त महागडी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिने खपवायची होती. गिऱ्हाईक विचारी, हे किती घोड्यांचे काम करील? त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा एका घोड्याचा भाव ठरवला. आजच्या मापात तो ७४६ वॅट होतो. घोडे गेले, पण शेतातल्या पंपावर अजून एच.पी. लिहिलेलेच असते. माझ्या हिशेबाने माणूस म्हणजे घोड्याचा दहावा हिस्सा.

हा हिशेब मी वहीत करत होतो तेव्हा पलीकडच्या खोलीत आईचे शिलाईचे मशीन चालू होते. पायाचे मशीन. गल्लीतल्या बायकांची पोलकी ती शिवते. त्या आवाजाने मला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. एका लहान व्यवसायाचा जमाखर्च लिहून आणायला वर्गात सांगितले होते. मी आईचाच धंदा घेतला. धागा, हुक, अस्तर, मशीनचे तेल, मशीनचा घसारा, सगळे लिहिले. मालकाच्या स्वतःच्या मेहनतीला पगार दिला जात नाही, म्हणून ती खर्चात दाखवत नाहीत, हा नियमही पाळला. नफा चांगला निघाला. सरांनी शाबासकी दिली.

ती वही मी पुन्हा काढली. मशीनचा घसारा होता, मशीन चालवणाऱ्या पायांचा नव्हता. मशीनला घातलेले तेल धंद्याच्या खर्चात होते. रात्री आई गुडघ्यांना चोळते ते तेल घरखर्चात. आणि त्या नफ्यातून गेलेली सर्वांत मोठी रक्कम माझ्या कॉलेजच्या फीची होती.

चित्रपट पाहताना मी स्वतःला कोशातल्या माणसांच्या जागी धरले होते. ती जागा माझी नव्हतीच. झापड मात्र माझ्या डोळ्यांवर होती.

आईला वही दाखवली. ती हसली. “माझं काय लिवतोस त्यात? मी काय पगारी हाय व्हय?” म्हणाली, आणि पाय पुन्हा सुरू झाले.

मशीनला बसवायच्या मोटरचा भाव मी काढून आलो आहे. येत्या सुट्टीत कुठेतरी हिशेब लिहायचे काम धरून ती घेईन. तोवर वहीत एक नवे खाते उघडले आहे, ‘पाय’. रकमेचा रकाना अजून कोरा आहे. तिथे काय लिहावे हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलेले नाही.