सलाम फेरताना

रमजानच्या शेवटच्या दिवसांत पिशोरच्या आमच्या दुकानात शिलाई मशीन रात्रीही थांबत नाही. ईदच्या कपड्यांवरच आमचे घर चालते आणि त्याच कपड्यांवर वाकून वाकून आमची मान गेली. एका फजरला सलाम फेरताना मान उजवीकडे वळली, डावीकडे वळेना.

दुखणे आम्ही अंगावर काढले. दम केलेले तेल लावले. कटिंगच्या दुकानात मानेला झटकाही देऊन घेतला. क्षणभर बरे वाटले. पुढे अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. हातातून कात्री निसटली तेव्हा कुठे जिल्ह्याचे शहर गाठले. सोबत मुलांची अम्मी होती.

डॉक्टरांनी एमआरआय दाखवून समजावले. मानेत 7 मणके, मणक्यांमध्ये गादी. वयाने गादीतले पाणी आटते. ती सरकली की हाताची नस दाबली जाते. बहुतेकांना काही आठवड्यांत औषधाने आणि व्यायामाने आराम पडतो, ऑपरेशन लागत नाही. मात्र हाताची ताकद जाऊ लागली, चाल डळमळली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये. पट्टा थोडेच दिवस, झटका कधीच नाही. डोके साधारण 5 किलोचे. पण मान 60 अंश वाकली की तिच्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो, असा हिशेब 2014 साली अमेरिकेतल्या एका सर्जनने मांडला आहे.

भार म्हटल्यावर आम्ही शेजारी पाहिले. मक्याच्या चाऱ्याचे भारे आणि पाण्याच्या घागरी हिने वर्षानुवर्षे डोक्यावर वाहिल्या. "मान भरून येते" म्हणाली की आम्ही बामची डबी पुढे करायचो.

"नमाज खुर्चीवर पढा," डॉक्टर म्हणाले. मशिदीत खुर्ची घ्यायची आम्हाला शरम वाटली. बुखारी शरीफमधली हदीस आम्हाला ठाऊक होती: आजारी इम्रान बिन हुसैन यांना हुजूरांनी उभे राहणे न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले होते. हीही वर्षभर घरात बसूनच नमाज पढत होती. आम्ही तिला आळशी म्हणालो होतो.

त्याच दिवशी तिची मान तपासून घेतली. घरी येऊन माफी मागितली. आता मशीन उंच टेबलावर आहे, भारा सायकलवर येतो आणि सकाळी दोघे मिळून व्यायाम करतो.

तुमच्या घरात कुणी "मान भरून येते" म्हणत असेल, तर बामची डबी शोधण्याआधी तिच्याजवळ बसा. कधीपासून दुखते, एवढे तरी विचारा.