साउंडबार घ्यायचा की आधी कान तपासायचे?



आज विषय थोडा वेगळा आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी साउंडबारवरून बरेच दिवस वाद चालला होता. त्या वादातून मी डॉक्टर म्हणून जे शिकलो, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. थोडं लाज वाटण्यासारखं आहे, पण तुमच्या उपयोगाचं आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, ७९ वर्षांचे आहेत. जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी बावीस वर्षं काम केलं. आता संध्याकाळी सातच्या बातम्या आणि नंतरच्या दोन मालिका हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या टीव्हीचा आवाज २० वरून ३० वर आणि ३० वरून ४८ वर गेला. पत्नीचं डोकं दुखायचं, शेजारच्या काकू गमतीने म्हणायच्या, "आम्हाला टीव्ही लावायचं कामच उरलं नाही!" नानांचं म्हणणं एकच : "या नव्या टीव्हीचा आवाजच नीट नाही. जुना डबा बरा होता."

मुलगा सुट्टीला घरी आला आणि त्याने फोनवर साउंडबारची यादीच काढली. पाच-सहा हजारांपासून लाखापर्यंत. मलाही वाटलं, बारा-पंधरा हजारांत घरातली कटकट मिटत असेल तर घेऊन टाकावा.

मधेच घडलेली एक गोष्ट

एप्रिलमध्ये नानांचं बीपी थोडं कमी भरत होतं. मी सकाळी दवाखान्यात निघताना, बुटाची लेस बांधत, मान खाली घालून सांगितलं, "नाना, बीपीची गोळी उद्यापासून अर्धी घ्या." हॉलमध्ये कूलर सुरू होता. नानांनी "बरं" म्हणून मान हलवली.

चार दिवसांनी पहाटे बाथरूममधून उठताना त्यांना चक्कर आली. नळ धरला म्हणून वाचले, कोपराला खरचटण्यावर भागलं. बीपी मोजलं, १००/६०. चौकशी केली तर नाना रोज अख्खी गोळी घेत होते, तीही पहाटे उपाशीपोटी. मी चिडलो. "अर्धी घ्या म्हणून सांगितलं होतं ना?" ते म्हणाले, "तू आधी घ्या म्हणालास. म्हणून चहाच्या आधी घेतली."

मला ती सबब वाटली. त्या रात्री मी पत्नीला म्हणालो, "नानांना विसरायला होतंय. मेमरीची तपासणी करून घ्यावी लागेल."

दुकानातलं एक वाक्य

पुढच्या रविवारी आम्ही तिघे, मुलगा, नाना आणि मी, दुकानात गेलो. दुकानदाराने मोठा साउंडबार लावला, सोबत खाली ठेवायचा सबवूफर. अख्खं दुकान दणाणलं. मुलगा खूश. मी नानांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले, "आवाज लई मोठा झाला रे, पण बोलतंय काय ते कळंना."

वाचकहो, हे वाक्य मी ओपीडीत पंचवीस वर्षं ऐकतोय. "ऐकू येतं डॉक्टर, पण समजत नाही." वयोमानाने कमी झालेल्या श्रवणशक्तीचं हे अगदी ठळक लक्षण. दुसऱ्याच्या वडिलांनी सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे कान तपासायला पाठवलं असतं. माझ्याच घरात दोन वर्षं मी टीव्हीला दोष देत राहिलो आणि शेवटी नानांच्या स्मरणशक्तीला. साउंडबार न घेता आम्ही परत आलो. 'अर्धी' आणि 'आधी' यातला फरक मला घरी येताना गाडीत कळला.

कानात नेमकं काय होतं?

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. त्यात साधारण १५ हजार केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात होतं ते यांच्यामुळे. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. वयामुळे आणि मोठ्या आवाजामुळे आधी निकामी होतात त्या उंच, बारीक सूर टिपणाऱ्या पेशी. जाड, खालचे सूर टिपणाऱ्या पेशी बराच काळ टिकतात.

आता आपली भाषा बघा. अ, आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या सुरांत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, च, फ, ट, थ यांसारखी व्यंजनं उंच सुरांत असतात आणि मुळातच हलकी असतात. आवाज आहे हे स्वरांमुळे कळतं, शब्द कोणता आहे हे बरंचसं व्यंजनांमुळे कळतं. म्हणून 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. बाकीचं माणूस अंदाजाने भरून काढतो. शांत खोलीत, समोरासमोर, ओठ दिसत असताना अंदाज बरोबर येतो. कूलर सुरू असेल आणि बोलणाऱ्याची मान खाली असेल तर चुकतो.

आणखी एक गंमत. आतला कान बिघडला की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम टोचायला लागतो. म्हणून आजोबा आधी "काय म्हणालास?" विचारतात आणि मोठ्याने सांगितलं की "ओरडतोस कशाला?" म्हणून रागावतात. यात त्यांचा हेकटपणा नसतो.

नानांच्या उजव्या कानात आधी मळाचा खडा निघाला. तो काढल्यावर थोडा फरक पडला. मग ऑडिओमेट्री झाली, म्हणजे हेडफोन लावून कोणता सूर किती हळू ऐकू येतो याची तपासणी. सुईही टोचत नाही, अर्ध्या तासात होते. नानांना खालच्या ५०० हर्ट्झच्या सुराला ३० डेसिबल लागत होते आणि ४००० हर्ट्झला ७०. साधारणपणे २० डेसिबलपर्यंत नॉर्मल धरतात. ४००० हर्ट्झजवळ असा खड्डा बऱ्याचदा कारखान्यातल्या आवाजाने पडतो. त्यात वयाची भर पडली.

आपल्या जालन्यात पोलाद उद्योग मोठा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. कायद्यानुसार आवाजामुळे येणारं बहिरेपण हा नोंद करण्याचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. मिलमध्ये, जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये काम करणाऱ्यांनी इअरप्लग किंवा इअरमफ वापरा. कानात नुसता कापूस घालून भागत नाही.

मग साउंडबारचा उपयोग कोणाला?

टीव्हीचा अजिबात दोष नसतो असं नाही. जुन्या डब्बा टीव्हीत स्पीकरला जागा होती आणि बऱ्याच टीव्हींत त्यांचं तोंड आपल्याकडे असायचं. आताचे टीव्ही पातळ, स्पीकर लहान आणि त्यांचं तोंड बहुधा खाली किंवा मागे. आवाज भिंतीवर, फरशीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. म्हणजे नानांच्या तक्रारीत थोडं तथ्य होतं! खरेदीआधी स्वतःला हे तीन प्रश्न विचारा :

१. संवाद कोणाला कळत नाहीत? घरातल्या सगळ्यांना कळत नसतील तर टीव्हीचा दोष. एकालाच कळत नसतील तर त्याचे कान तपासा.

२. त्या व्यक्तीला फोनवर, लग्नात, चार माणसांच्या गप्पांतही अडचण येते का? येत असेल तर साउंडबार तिथे सोबत येणार नाही.

३. आवाज वाढवल्यावर शब्द कळतात की नुसता गोंगाट वाढतो? गोंगाटच वाढत असेल तर आधी कान तपासा.

टीव्हीचा दोष निघाला तरी आधी फुकटचे उपाय करा. सेटिंगमध्ये साउंड मोड 'मूव्ही'वरून 'स्टँडर्ड' किंवा 'न्यूज'वर आणा. 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाची सोय असेल तर सुरू करा. हॉलमध्ये नुसती फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो. जाड पडदे लावा, सतरंजी अंथरा. कूलर टीव्हीच्या शेजारी ठेवू नका. आणि खुर्ची पुढे घ्या. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलपर्यंत वाढतो, एक रुपया खर्च न करता.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर संवाद स्पष्ट ऐकू येणं हा निकष ठेवा. मधला स्वतंत्र स्पीकर असलेला (३.१ असं लिहिलेला) साउंडबार संवादासाठी बरा, कारण सिनेमातलं बोलणं बहुतेक त्या मधल्या वाटेने येतं. वयस्कर माणसासाठी सबवूफरचा दणका कमी ठेवा, जाड आवाज बारीक व्यंजनांना झाकून टाकतो. टीव्हीला 'एचडीएमआय एआरसी' लिहिलेली जागा आहे का ते बघा, म्हणजे आजी-आजोबांना एकच रिमोट पुरतो. आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा, त्यांना दुकानात सोबत न्या. गाणं लावू नका, बातम्या लावून बघा.

नानांचं पुढे काय झालं?

दोन्ही कानांना श्रवणयंत्र बसवलं. पहिला आठवडा वाईट गेला. ताटाचा आवाज हातोड्यासारखा, पेपरची घडी उलगडली तरी कटकट. दहाव्या दिवशी यंत्रं कपाटाच्या खणात गेली. "मी काही बहिरा नाही, तुम्हीच पुटपुटता," असं सुनावलं. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते आणि हजारो रुपये खणात पडून राहतात.

मी त्यांना पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. सेटिंग बदललं. सुरुवातीला दिवसातून दोन तास, शांत खोलीत, मग हळूहळू वाढवायचं ठरलं. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही. दीड महिन्याने एका रात्री जेवताना मी पत्नीला मोसंबीचा भाव सांगत होतो. पलीकडून नाना म्हणाले, "चूक सांगतोयस. कालचा भाव त्यापेक्षा कमी होता." सगळे थांबलो. गेली दोन वर्षं ते आमच्यात बसून जेवत होते, पण बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही त्याला शांत स्वभाव म्हणत होतो. मी त्यांना त्या गोळीबद्दल "माझं चुकलं" म्हणालो. ते म्हणाले, "तोंड वर करून बोलत जा, बास."

स्मरणशक्तीचं म्हणाल तर, 'लॅन्सेट'च्या डिमेन्शिया आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता किंवा सुधारता येण्याजोगे १४ धोके सांगितले आहेत, त्यात कमी ऐकू येणं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत श्रवणयंत्रामुळे सरसकट सगळ्यांच्या स्मरणशक्तीत फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यातली घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने कमी दिसली. म्हणून वयस्कर माणूस 'विसरतोय' असं वाटलं की त्याच्या कानांचीही तपासणी करून घ्या.

हे लक्षात ठेवा

• साठीनंतर डोळ्यांसारखेच कानही तपासून घ्या. मिलमध्ये काम केलं असेल तर त्याआधीच.

• कानात काडी, किल्ली, हेअरपिन, गरम तेल घालू नका.

• एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. कानातून पू किंवा रक्त येणं, चक्कर, एकाच कानात सतत गुणगुण यातही थांबू नका.

• ऑडिओमेट्री न करता, जाहिरात बघून मशीन मागवू नका.

• खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या कान विभागात चौकशी करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदा ३००० रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्रही आहे.

• औषधाची सूचना ज्येष्ठांना समोर बसून, हळू आणि स्पष्ट द्या. मग त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या. नुसतं "बरं" पुरेसं नाही. मी आता माझ्या प्रत्येक पेशंटकडून हे करून घेतो.

आमचा टीव्ही सध्या २२ वर चालतो. मुलगा दिवाळीत साउंडबार घेऊ म्हणतोय. घेऊही कदाचित, त्याच्या सिनेमांसाठी. मीही माझी ऑडिओमेट्री करून घेतली. ४००० हर्ट्झला थोडी घसरण आहे. पत्नी म्हणते, तिला ते आधीच माहीत होतं.

काळजी घ्या. आणि आज घरातल्या मोठ्यांशी बोलताना टीव्ही बंद करून, त्यांच्याकडे तोंड करून बोला.