इस्लापूरचे लकलक

नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरकडे येणारे पाहुणे सहस्रकुंडाचा धबधबा पाहतात, फोटो काढतात आणि परततात. पैनगंगा इथे काळ्या खडकांवरून कोसळते. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. पण लेकरांना घेऊन यायचे असेल तर पाणी उतरल्यावर, हिवाळ्यातल्या सकाळी या. धबधब्यापासून थोडे लांब, संथ डोहाकडे आणि शेतांकडे बघा. तिथे उभे असलेले सगळेच बगळे नसतात.

उडताना बगळा मान मुडपून घेतो, करकोचा ती सरळ पुढे ताणतो. (टकला, गिधाडासारखा दिसणारा हरगिला मात्र याला अपवाद.) जगात करकोच्यांच्या वीसच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या आठ-नऊ भारतात दिसतात. इथे मला जास्त भेटतो तो मुग्धबलाक. चोच मिटली तरी तिच्या मधोमध फट राहते. सहलीत एका मुलाने विचारले, "सर, इसकी चोंच टेढी है क्या?" तशी चोच गोगलगायी आणि शिंपल्यांसाठी असते. पिलांना ही फट नसते, मोठेपणी येते. दुसरा कांडेसर. काळे अंग, पांढरी लोकरी मान, तांबडे पाय. तो शेतातही बेडूक-किडे टिपत ऐटीत हिंडतो. चित्रबलाकांची मोठी वस्ती पाहायची तर भिगवणजवळ भादलवाडीचा तलाव गाठावा.

उर्दूत करकोच्याला लकलक म्हणतात. त्याला गळ्यातून आवाज फारसा काढता येत नाही, तो चोच वाजवतो; नाव त्यावरूनच. इराणात आणि तुर्कस्तानात पांढरा करकोचा 'हाजी' म्हणून ओळखला जाई. हिवाळ्यात दक्षिणेला जाऊन वसंतात परतणारा हा पक्षी मक्केहून आला, अशी लोकांची समजूत. तुर्कस्तानातल्या बुरसा शहरात 19व्या शतकात जखमी लकलकांसाठी दवाखानाच होता. बुखाऱ्यात मात्र उलटे घडले. मदरशांच्या घुमटांवर, मिनारांवर त्यांची घरटी असत. 20व्या शतकात शहरातले बरेच हौज बुजवले, भोवतालची दलदल आटवली. बेडूक संपले, लकलकही गेले. इमारती अजून उभ्या आहेत.

आपल्याकडे डोह मोटारींनी उपसले जातात आणि बांधावरची उंच झाडे विकली जातात. इस्लापूर भागातल्या एका सावरीवर मी कांडेसराचे घरटे पाहिले होते. झाड लाकडासाठी गेले. मालकाला मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते, त्याला काय बोलणार?

आसामात मात्र यावर वाट निघाली. घाण करतो, अपशकुनी आहे म्हणून लोक हरगिल्याची झाडे तोडत. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना एकत्र केले. त्या आता हरगिल्याची नक्षी कापडावर विणून कमावतात आणि घरट्यांची झाडे राखतात. 2022 मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला.

दुर्बीण नसली तरी चालेल. मोठ्याने बोलू नका, पक्षी लगेच उठतात. आणि सहस्रकुंडाचे खडक निसरडे आहेत, लेकरांचा हात सोडू नका.