अर्ध्या सेकंदासाठी खोडदला

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरायचे आणि पूर्वेचा रस्ता धरायचा. नारायणगाव म्हटले की कुणाला तमाशाच्या राहुट्या आठवतात, जिथे गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. कुणाला टोमॅटोचा बाजार आठवतो. पुढे खोडदपर्यंतचा मुलूख बागायती. कुकडीचे पाणी खेळलेले, दुतर्फा ऊस आणि कांदा, मधूनच द्राक्षाचे मांडव. आणि एका वळणावर उसाच्या तुऱ्यांवरून एकदम त्या थाळ्या दिसतात. पहिल्यांदा येणारा माणूस गाडी थांबवतोच.

या थाळ्या म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण. एकूण ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत, बाकीच्या १६ तीन फाट्यांनी लांबवर, लोकांच्या वावरांशेजारी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून हे काम उभे राहिले. थाळी भरीव पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे, त्यामुळे वारा आरपार जातो आणि एवढा डोलारा स्वस्तात उभा राहतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे शाळांच्या पोरांची नुसती जत्रा भरते. कधी गेला नसाल तर मुलांना घेऊन जरूर जा.

आमचे काम मात्र थाळ्यांपाशी नव्हते. मी आणि माझा एक मित्र, दोघेही हौशी आकाशनिरीक्षक, खोडदच्या पलीकडच्या एका वस्तीवर निघालो होतो. माघातली रात्र, पौर्णिमेला तीन दिवस उरलेले. रात्री ९ वाजून ४१ मिनिटांनी अंतराळ स्थानक चंद्रासमोरून जाणार होते आणि त्याचे छायाचित्र आम्हाला घ्यायचे होते.

चंद्र तर पुण्यातूनही दिसतो, मग एवढ्या लांब जायचे कशाला, असे घरातही विचारले गेले. त्याचे उत्तर शेतकरी वाचकाला चटकन पटेल. दुपारी वावरात उभे असताना वरून घार जाते आणि तिची सावली आपल्या अंगावरून सरकते. त्या क्षणी घार आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असते. बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही घार दिसते, पण सूर्यासमोरून गेलेली नाही. त्याच्या अंगावर सावली पडतच नाही. स्थानकाचे तसेच. चांदण्यात त्याचीही एक सावली जमिनीवरून पळते. ती इतकी फिकी की डोळ्यांना कधीच दिसायची नाही, पण जो तिच्या वाटेत उभा राहील त्यालाच स्थानक चंद्रबिंबावरून जाताना दिसेल. त्या रात्री ही वाट ओतूरच्या अंगाने येऊन शिरूरच्या दिशेने जात होती. रुंदी जेमतेम चार किलोमीटर. नारायणगावच्या स्टँडवर उभा राहणारा माणूस वाटेच्या बाहेर पडत होता. आणि वेग असा, की ओतूर ते शिरूर हे अंतर ती सावली दहा सेकंदांच्या आत तोडणार होती.

या स्थानकाची थोडी ओळख सांगतो. त्याचा पहिला भाग १९९८ साली वर गेला आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांची वस्ती अखंड आहे. जमिनीपासून उंची सुमारे ४०० किलोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी १०९ मीटर, म्हणजे एकराच्या बांधापेक्षा कितीतरी जास्त, आणि वजन चारशे टनांच्या वर. ताशी २७ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. २०३० नंतर ते खाली उतरवून समुद्रात बुडवण्याचे योजले आहे. तोवर संध्याकाळी किंवा पहाटे, दिवे न मिचकावता शांतपणे सरकणारा ठळक तारा दिसला तर तो बहुधा हेच असते, हे ओळखून ठेवा. चार-सहा मिनिटे दिसते, दुर्बीण लागत नाही.

चंद्रासमोरून जाते तेव्हाचा प्रकार वेगळा. चंद्र डोक्यावर असेल तर बिंब ओलांडायला त्याला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. रात्र वाढली की स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते, म्हणून ते येताना दिसतच नाही. काळ्या आकाशात काळी वस्तू. चंद्राच्या कडेवर एकदम ठिपका उमटतो आणि पलीकडच्या कडेवर नाहीसा होतो. या अर्ध्या सेकंदासाठी माणसे देश ओलांडतात. फ्रान्सचे तिएरी लेगो हे हौशी छायाचित्रकार ४ जानेवारी २०११ रोजी मस्कतजवळ जाऊन उभे राहिले, कारण तिथून खग्रास नसलेले सूर्यग्रहण लागलेले असतानाच स्थानक सूर्यासमोरून जाणार होते. सूर्य, चंद्र आणि स्थानक एकाच चित्रात आले. त्यांच्यापुढे आमचा नारायणगावचा प्रवास म्हणजे काहीच नाही.

जागा निवडताना मध्यरेषेपासून जितके दूर जावे तितके स्थानक बिंबाच्या कडेला सरकते. एक किलोमीटर चुकले तर बिंबाचा जवळजवळ चौथा हिस्सा हातचा जातो. म्हणून आदल्या दिवशी संगणकावर गणित पुन्हा तपासावे लागते, कारण स्थानकाची कक्षा हवेच्या घर्षणाने रोज थोडी खाली येते आणि अधूनमधून ती वर ढकलतात. मध्यरेषा आम्हाला एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळून जाताना दिसली. दुपारीच जाऊन घरधन्याला भेटलो. त्याने नकाशा पाहिला, बोटाने बांध दाखवला आणि म्हणाला, "म्हंजी आमच्याच रानावरून जाणार? मग या की. पर उसाकडं पाठ करून उभं राहू नका. वाघ फिरतो." जुन्नर तालुक्यात वाघ म्हणजे बिबट्या, आणि हा सल्ला थट्टेचा नसतो.

घराच्या स्लॅबवर दुर्बीण लावा असा त्याचा आग्रह होता. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ती उष्णता सोडत राहतो. त्या हवेतून चंद्र पाण्यात पडल्यासारखा हलतो. शिवाय कुणी जिना चढला तरी हादरा बसतो. विहिरीवरच्या मोटारीचाही हादरा नको होता. म्हणून विहिरीपासून शंभरएक पावलांवर, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला, मोकळी टणक जमीन पाहून आठ इंची आरशाची दुर्बीण उभी केली. तिच्या मागे कॅमेरा. कॅमेरा लावला की त्या दुर्बिणीतून डोळ्याने पाहता येत नाही, म्हणून बरोबर दुसरी लहान तीन इंची दुर्बीणही नेली होती.

आठ वाजता वीज आली आणि घरधनी बॅटरी, काठी घेऊन दारे धरायला गेला. त्या आठवड्यात त्यांच्या लाइनीला वीज रात्रीची होती. बिबट्याच्या मुलखात रात्री उसात पाणी धरायला जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. लांबून त्याच्या मोबाइलवरची गाणी ऐकू येत होती. ती करमणुकीसाठी नव्हती, जनावराला चाहूल लागावी म्हणून होती.

आजी, सूनबाई आणि दोन नातवंडे घोंगडी घेऊन आमच्याजवळ येऊन बसली. नऊच्या सुमारास आजी वर पाहून म्हणाल्या, "चंद्राला खळं पडलं की रं."

मीही तेव्हाच पाहिले. चंद्राभोवती मोठे फिकट कडे. हात लांब करून अंगठा चंद्रावर धरला तर ताणलेली करंगळी जिथे टेकते, तिथे हे कडे असते. फार उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे बारीक कण असतात, त्यांतून चांदणे वळून येते आणि कडे दिसते. आमच्या दृष्टीने अर्थ सरळ होता: ढग येताहेत. पातळ आहेत तोवर चालेल, दाट झाले तर संपले.

सूनबाई काही बोलल्या नाहीत, मांडवाकडे पाहत राहिल्या. द्राक्षे उतरायला आठ दिवस होते. पिकल्या घडावर पाऊस झाला की मणी तडकतात आणि मग व्यापारी मांडवाच्या तोंडाशीही येत नाही. कांद्यावर ढगाळ हवेत करपा येतो. "औंदा तरी सुखानं उतरू दे," एवढेच आजी पुटपुटल्या. त्यानंतर ढग सरकतो की नाही हे आम्ही सगळेच पाहत होतो, आणि माझ्या अर्ध्या सेकंदाचे नाव काढायला मला जड जात होते.

वेळ काढायला आजींनी विचारले, "वर कोन माणसं हाईत? खात्यात काय?" मी सांगितले की साधारण सात जण असतात, आणि २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. त्यांनी तिथे मेथी आणि मूग यांना मोड आणले होते. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आणि तिथल्या आयआयटीने मिळून आखला होता. मेथीचे नाव निघताच आजी सावरून बसल्या.

"मेथीचं काय, मूठभर टाकली की तीन दिसांत वर. पर तिथं खाली न्हाई न वर न्हाई म्हनता, मग मूळ कुनीकडं गेलं?"

अहो, शास्त्रज्ञही हेच विचारतात! मुळाला खाली कुठे हे एरवी वजनावरून कळते. वर वजनच जाणवत नाही, तेव्हा ओल कुठे, उजेड कुठे यावर त्याला भागवावे लागते. पुढे लांबच्या प्रवासात माणसांना भाजी पिकवायची तर हे समजून घ्यायलाच हवे. आजींना ते पटले.

साडेनऊला खळे पुसट झाले. चंद्र जवळजवळ माथ्यावर, किंचित दुधाळ, पण कडा स्वच्छ. छायाप्रकाशाच्या सीमेवरच्या विवरांवर कॅमेरा नीट जुळवला, उघडझाप सेकंदाच्या हजाराव्या भागाची ठेवली, कारण त्याहून सावकाश घेतले तर स्थानकाची रेघ होते. आता प्रश्न लहान दुर्बिणीचा होता. तिला डोळा एकालाच लावता येणार आणि अर्ध्या सेकंदात जागा बदलता येत नाही. मी आजींना पुढे बोलावले. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, नजर चांगली होती. त्यांनी आठवीतल्या नातीला खांद्याला धरून पुढे केले. "चंद्र काय, म्या जल्मभर बघते. ती सांगंल मला."

९ वाजून ४० मिनिटांनी चित्रीकरण सुरू केले. मित्र घड्याळावरून सेकंद मोजत होता. धाकटा नातू श्वास रोखून उभा. मोजणी संपली, आणि पोरगी ओरडली, "गेलं! आजी, इंग्रजी एच!"

मी काहीच पाहिले नव्हते. माझी नजर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर होती आणि पापणी लवायला नेमका तोच वेळ सापडला असावा. चित्रीकरण मागे नेऊन एकेक चौकट सावकाश पुढे सरकवली. रिकामा चंद्र, रिकामा चंद्र, मग वायव्येच्या कडेवर काळा चिरोटा. एकूण ३१ चौकटींत तो बिंब ओलांडत होता. मोठा करून पाहिला तर मधला दांडा आणि दोन्ही अंगांना सौरपट्ट्यांचे पंख स्पष्ट. चंद्राच्या रुंदीच्या पस्तीसएकाव्या हिश्शाइतके ते दिसत होते, आणि पोरीने सांगितलेला एच अगदी बरोबर होता. आजींनी तो पडद्यावर पाहिला, पण नातीकडूनच पुन्हा दोनदा ऐकून घेतला.

दहाला घरधनी आला, गुडघ्यापर्यंत चिखल. हात पंच्याने पुसून त्याने कॅमेरा धरला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"माझ्या वावरावरून गेलं," तो म्हणाला, "आन् म्या खाली पाटाकडं बघत व्हतो." मग वर पाहिले. चंद्राला नव्हे, पश्चिमेला. ढग विरले होते. "आता पुन्यांदा कवा?"

या रानावरून पुन्हा कधी, हे फार आधी सांगता येत नाही, कक्षा बदलते. आठ-पंधरा दिवस अगोदर गणित जुळले तर फोन करतो म्हणालो. पोरीने वहीच्या शेवटच्या पानावर वेळ लिहून घेतली, ९-४१, आणि खाली एच काढला. "दिवसाची लाइन असंल तेवढी बघा," तो हसून म्हणाला आणि बॅटरी उचलून परत निघाला. त्याचे अजून सहा वाफे भरायचे होते.