पणजीबाईंची राखडी

वधूच्या इतर अलंकारांहून केसांचे अलंकार एका बाबतीत निराळे आहेत. पाटल्या मनगटावर आणि ठुशी गळ्यात बसते. मनगट व गळा कोठे जात नाहीत. राखडी, मूद, केवडा, गोंडे यांना मात्र केसांचाच आधार. आणि केस हे गळणारे, पिकणारे, कापता येणारे. शिवाय ही सारी पाठीमागची शोभा. मुंडावळ्या नवऱ्या मुलासमोर मिरवतात. राखडी दिसते ती मागे बसलेल्या बायकांना.

गेल्या वैशाखात आमच्या पुतणीचे लग्न झाले. बाजारात सोन्याचे पाणी दिलेली, खोट्या मोत्यांची वेणीफुले हवी तितकी मिळतात. ती सारी पाहून तिने पसंती दिली ती घरच्या पितळी डब्यातील राखडीला. तिचे केस मानेपर्यंत कापलेले. ‘ही बसणार कशावर?’ हा पहिला प्रश्न निघाला. पण त्याहून अवघड प्रश्न आमच्या आत्याबाईंनी काढला. ‘ती नको. ज्या बाईची ती, तिच्या नशिबी काय आले ते ठाऊक आहे ना?’

ठाऊक सर्वांनाच होते. राखडी आमच्या पणजीबाईंची. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. सतराव्या वर्षी वैधव्य आले आणि केशवपन झाले. पुढची साठ वर्षे त्यांनी आलवणात काढली. राखडी मोडली गेली नाही. तिला बसावयास जागा मात्र उरली नाही.

ब्राह्मणादी काही जातींत ही रूढी किती घट्ट होती, हे आज मुलांना सांगावे लागते. १८५६च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली. वस्तऱ्याला त्याने हात लावला नाही. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढले आणि या चालीवर कडाडून टीका केली. १८९०च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचे ठरविले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पणजीबाईंच्या दारापर्यंत यांतले काहीच वेळेवर पोहोचले नाही.

आम्ही आत्याबाईंना एवढेच म्हणालो, की दोष असेल तर तो वस्तऱ्याचा. राखडीने काय केले? पुतणीचे बोलणे आमच्याहून थोडके व नेमके होते. ‘माझे केस मी कापले आहेत, त्यांचे दुसऱ्यांनी कापले. म्हणूनच मला ती घालायची आहे.’ आत्याबाई पुढे बोलल्या नाहीत. त्यांचे समाधान झाले, असे आम्ही म्हणत नाही.

राखडी बसविणे मग केवळ कारागिरीचे काम राहिले. गंगावन लावण्यास मुलीने नकार दिला. केस मागे घेऊन त्यांचा लहानसा अंबाडा बांधला, त्यावर काळी जाळी चढविली आणि राखडीचा मागचा आकडा जाळीत अडकवून दोन्ही बाजूंनी चिमटे लावले. भोवती मोगऱ्याचा गजरा आला. सप्तपदी होईपर्यंत ती ढळली नाही.

पुष्कळ घरांतून असा एखादा डबा असतो. लग्न ठरले की तो सराफाकडे जातो आणि जुन्या घडणीचे नवे काही होऊन परत येतो. सोने घरचेच असल्याने त्यात कोणी गैर मानीत नाही. पण आटणीला टाकण्यापूर्वी ती वस्तू कोणी, किती दिवस घातली, आणि घालणे का थांबले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, असे आम्हांस वाटते. सोने पुन्हा विकत मिळते; हे सांगणारी माणसे मात्र आता थोडी उरली आहेत.